बारीक माणसाचं जाड यकृत

ऑगस्ट 2025 मध्ये पुण्यात नवऱ्याला यकृताचा भाग देणारी पत्नी आणि तो नवरा, दोघेही शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांच्या अंतराने दगावले. त्या प्रकरणाचा निवाडा करणं हे या लेखाचं काम नाही. पण त्यानंतर अनेकांच्या मनात एक रास्त प्रश्न आला: धडधाकट माणसाला टेबलावर घेण्याआधी नेमकं तपासतात तरी काय? रक्तगट, हृदय, रक्तवाहिन्यांची ठेवण हे आलंच. सगळ्यात चकवणारी तपासणी मात्र यकृतात दडलेल्या चरबीची.

पहिली चाळणी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाची, आणि हा आकडा पुण्याच्याच एका डॉक्टरांनी उघडा पाडलेला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी ते गाठणं, अशी कबुलीही त्यात होती. (शास्त्रीय नियतकालिकात इतकी मिश्किली क्वचितच सापडते.) याज्ञिकांच्या चमूने 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात तर हे जन्मापासूनच दिसलं. सरासरी 2.7 किलोची किरकोळ बाळं, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. अंगात चरबी जास्त म्हणजे ती यकृतातही असणारच, असं नाही. पण सडपातळ दिसतो म्हणून आपल्याकडच्या दात्याला सूट देता येत नाही, हे नक्की.

चरबीने बिघडतं काय? चरबीचे थेंब साठले की पेशी फुगतात आणि त्यांच्यामधल्या बारीक रक्तवाटा दाबल्या जातात. असं यकृत बर्फात ठेवून पुन्हा रक्त सुरू केलं की त्याला इजा जास्त होते. शिवाय चरबीचं वजन भरतं, पण ती काम करत नाही. रुग्णाच्या वजनाच्या साधारण 0.8 टक्के यकृत त्याला मिळावं आणि दात्याकडे निदान 30 ते 35 टक्के उरावं, हा सगळा हिशेबच मग फसवा ठरतो.

सोनोग्राफीला थोडी चरबी बऱ्याचदा दिसतच नाही. सीटी स्कॅनमध्ये शेजारच्या प्लीहेची मदत घेतात. निरोगी यकृताच्या घनतेचा आकडा प्लीहेपेक्षा आठ-दहा एककांनी जास्त असतो. प्लीहेत चरबी साठत नाही, यकृतात साठली की त्याचा आकडा खाली येतो. तो प्लीहेच्याही खाली गेला तर डॉक्टर सावध होतात.

पण खरी गंमत एमआरआयची. ढोल-ताशा पथकात दोन वादकांपैकी एकाची लय किंचित संथ असेल, तर टोले कधी एकत्र पडतात, कधी बरोबर आडवे जातात. पाण्यातले आणि चरबीतले हायड्रोजनचे प्रोटॉन अगदी तसेच. चरबीवाले दहा लाखांत साडेतीन भागांनी मागे. दीड टेस्लाच्या यंत्रात सुमारे 2.3 मिलिसेकंदांनी ते एकमेकांविरुद्ध जातात, 4.6 ला पुन्हा जुळतात. एका चित्रात पाणी अधिक चरबी, दुसऱ्यात पाणी वजा चरबी. बेरीज-वजाबाकी केली की दोन्ही सुटी! ही युक्ती 1984 मध्ये थॉमस डिक्सन यांनी मांडली. तंत्राला त्यांचं नाव आहे, पण रेडिओलॉजीबाहेर त्यांना कोण ओळखतं?  पुढे लोहामुळे येणारी चूक वगैरे दुरुस्त करून त्यातूनच यकृतातल्या चरबीची टक्केवारी निघू लागली.

या टक्केवारीवर मात्र नातेवाइकांनी घाईने हुरळू नये, घाबरूही नये. सुईने यकृताचा तुकडा काढून केलेल्या बायोप्सीतले 20 टक्के म्हणजे शंभरातल्या वीस पेशींत चरबीचे थेंब. एमआरआयचे टक्के म्हणजे एकूण संदेशातला चरबीचा वाटा. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून ‘एवढा फरक कसा?’ म्हणून भांडण्यात अर्थ नाही. बायोप्सीचा तुकडा तर अख्ख्या यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढा, त्यामुळे सुई कुठे टोचली यावरही बरंच अवलंबून. म्हणूनच आता ती सरसकट करत नाहीत. स्कॅनचे निकाल जुळत नसले किंवा दुसऱ्या आजाराची शंका आली तरच करतात.

आणि चरबी निघालीच तर? ‘लिव्हर डिटॉक्स’च्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. उष्मांक मोजून आहार आणि रोजचा व्यायाम यांनी काही आठवड्यांतच ती लक्षणीय उतरते, मग पुन्हा स्कॅन करतात आणि पुष्कळदा तोच दाता चालतो. अकस्मात यकृत निकामी झालेल्या रुग्णाकडे मात्र इतके आठवडे नसतात. तिथे लगेच दुसऱ्या नातेवाइकाची तपासणी सुरू करतात, आणि अवयव वाटपाचा समन्वय करणाऱ्या झेडटीसीसीच्या यादीत नाव घालून मेंदूमृत दात्याचीही वाट पाहतात.