मलिक अंबर: राज्य बुडाले, व्यवस्था उरली

प्रश्नाचे स्वरूप

मलिक अंबर मे १६२६ मध्ये वारला. अहमदनगरच्या ज्या निजामशाहीसाठी त्याने पाव शतक मोगलांशी झुंज दिली, ती त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत संपली. दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन करणारा फत्तेखान हा त्याचाच मुलगा होता. घराणे, तख्त आणि राजधानी यांवरूनच सेनानीचा वारसा मोजायचा, तर अंबरच्या नावावर फारसे काही जमा होत नाही. तरीही पुढील काळातील मराठी कागदपत्रांत त्याच्या नावाचा महसुली धारा भेटतो, त्याने वसवलेले शहर आज मराठवाड्याचे केंद्र आहे आणि त्याने कसाला लावलेली युद्धपद्धती त्याच्या मृत्यूनंतरही मोगलांना भोवत राहिली. सेनानीच्या मागे काय टिकते, काय बुडते आणि का, हे तपासण्यासाठी दख्खनच्या इतिहासात याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

गुलाम सरदार

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा अरबस्तान आणि बगदादमार्गे दख्खनमध्ये पोहोचला. त्याला विकत घेणारा चंगीजखान हा निजामशाहीचा पेशवा, म्हणजे मुख्य कारभारी होता आणि तोही मूळचा हबशी गुलामच होता. दख्खनी सुलतान आणि सरदार हबशी गुलामांना लष्करी शिक्षण देत, त्यामागे एक हिशेब होता. स्थानिक सरदाराला वतन असे, भाऊबंद असत, जुनी वैरे असत. परमुलखातून आलेल्या गुलामाला धन्याखेरीज आधार नसे, म्हणून त्याची निष्ठा अविभक्त मानली जाई. मात्र अशा सरदाराला स्वतः तख्तावर बसण्याचा हक्क कधीच मिळत नसे. चंगीजखानाच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला, काही काळ विजापूरकरांच्या चाकरीत राहिला आणि १५९० च्या दशकात लहानशा तुकडीसह निजामशाहीत परतला. त्याच्या कारकिर्दीतील अनेक निर्णयांचे मूळ या स्थितीत आहे. सत्ता हाती असूनही ती स्वतःच्या नावाने चालवता येत नव्हती, त्यामुळे प्रत्यक्ष कामगिरी हाच त्याच्या अधिकाराचा पाया राहिला.

राजधानीविना राज्य

ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. त्या धामधुमीत किल्ल्याचा बचाव करणारी चांदबिबी मारली गेली आणि सुलतान कैदेत पडला. प्रचलित समजुतीनुसार येथे राज्य संपायला हवे होते. परंतु किल्ल्याबाहेरचा बहुतेक मुलूख मोगलांच्या हाती आलेला नव्हता. अंबरने नेमका हा फरक ओळखला. राजघराण्यातील एकाला मुर्तझा निजामशहा म्हणून परांड्यात तख्तावर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि पेशवेपद स्वतःकडे ठेवले. पुढे राजधानी जुन्नरला आणि नंतर दौलताबादेला हलली. राजधानी पडली म्हणून राज्य पडत नाही, ही जाणीव पुढील पिढ्यांनी येथूनच घेतली असावी, असे मानायला जागा आहे.

बारगिरी युद्धपद्धती

मोगल फौज म्हणजे जड तोफा, हत्ती, तंबू, बाजारबुणगे आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून येणारे धान्य, असा एक चालता पसाराच असे. सपाट मैदानात तिच्यापुढे टिकाव लागणे कठीण होते. पण बुऱ्हाणपूरहून निघून घाट चढून बालाघाटात उतरलेल्या अशा फौजेची रसद लांब आणि नाजूक होई. अंबरची पद्धत या नाजूक जागेवर घाव घालणारी होती. हलके घोडदळ, थोडी शिदोरी, समोरासमोरची लढाई टाळणे, दाणावैरण तोडणे, रात्री छावणीवर छापे घालणे आणि शत्रूला डोंगराळ मुलखात ओढत नेणे, ही तिची अंगे. ज्याला सरकारातून घोडा मिळे तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. बारगिरांच्या नावावरूनच फार्सी लेखक या युद्धपद्धतीला बारगीगिरी म्हणतात.

ही पद्धत अंबरने शोधून काढली, असे म्हणणे बरोबर नाही. दख्खनमध्ये हलक्या घोडदळाची रीत त्याच्याआधीची आहे. त्याने तिला राज्याच्या संरक्षणाचे मुख्य साधन बनवले आणि त्यासाठी मराठा घोडेस्वारांची मोठ्या प्रमाणावर भरती केली. भोसले आणि जाधव ही घराणी याच वातावरणात पुढे आली. मुलूख, वाटा, पाणवठे आणि गावोगावचे पाटील ठाऊक असलेला स्वार या युद्धात सर्वांत मोलाचा होता, आणि तो मराठा शेतकरी कुटुंबांतूनच मिळत होता.

भातवडी, १६२४

अहमदनगरपासून जवळच असलेल्या भातवडीची लढाई म्हणजे या पद्धतीचा पूर्ण नमुना आहे. मोगल आणि आदिलशाही या दोन्ही सत्ता या वेळी एकत्र आल्या होत्या. संख्याबळ अंबरच्या विरुद्ध होते आणि त्याचे वय पंचाहत्तरीच्या घरात होते. विजापूरच्या मुलखातून मागे हटत त्याने शत्रूला स्वतःच्या ओळखीच्या प्रदेशात आणले आणि भातवडीच्या तलावाजवळ तळ दिला. मग तलावाचा बांध फोडून पाणी सोडले. वाटेवर चिखल झाला, तोफा आणि हत्ती अडकले, पाऊस पडत होता आणि दोन्ही फौजांच्या मधला प्रदेश ओलांडणे अवघड झाले. शत्रूच्या छावणीत धान्य कमी पडू लागले. त्यात रात्रीचे छापे सुरू झाले. पगार थकलेले, उपाशी सैनिक छावणी सोडून जाऊ लागले. शेवटी जेव्हा प्रत्यक्ष हल्ला झाला, तेव्हा समोर उरलेली फौज आधीच खचलेली होती. आदिलशाही सेनापती मुल्ला मुहंमद लारी मारला गेला आणि अनेक मोगल सरदार कैद झाले.

या लढाईत शहाजीराजे भोसले अंबरच्या बाजूने लढले; त्यांचे बंधू शरीफजी येथेच कामी आले. कवींद्र परमानंदांनी शिवाजी महाराजांच्या चरित्रासाठी रचलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात भातवडीच्या युद्धाचे सविस्तर वर्णन आहे आणि अंबरच्या पराक्रमाचा गौरवही आहे. महाराजांच्या दरबारात ही लढाई आपल्या घराण्याच्या इतिहासाचा भाग मानली जात होती, हे त्यावरून दिसते.

मलिकंबरी धारा

सततच्या युद्धाला सतत पैसा लागतो, आणि तो लुटीतून पुरा पडत नाही. अंबरच्या कार्यातील सर्वांत कमी दिमाखदार आणि सर्वांत टिकाऊ भाग महसुलाचा आहे. त्याच्याआधी अनेक ठिकाणी वसुलीचा मक्ता, म्हणजे इजारा, दिला जाई. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारात भरे आणि रयतेकडून हवे तितके काढी. अंबरने ही पद्धत मोडीत काढली. जमिनीची प्रत पाहून तिचे वर्ग केले, प्रत्यक्ष पिकाच्या अंदाजावर वसूल ठरवला आणि वसुलीची जबाबदारी गावच्या पाटलाकडे दिली. ग्रँट डफसारख्या इतिहासकारांनी नोंदवलेल्या परंपरेनुसार सरकारचा हिस्सा सुरुवातीला पिकाच्या सुमारे दोन-पंचमांश होता. पुढे त्याऐवजी सुमारे एक-तृतीयांशाइतकी रोकड घेतली जाऊ लागली. अकबराच्या काळातील तोडरमलच्या व्यवस्थेशी या पद्धतीची तुलना नेहमी होते. फरक एवढा की येथे गाव हा हिशेबाचा मुख्य घटक राहिला.

महसूल आणि युद्ध यांचा संबंध येथे थेट आहे. आपल्यावर किती देणे आहे हे आधी कळलेला शेतकरी जमीन सोडून जात नाही, आणि वसती टिकलेल्या गावातूनच घोड्याला वैरण, फौजेला धान्य आणि सरदाराला बातमी मिळते. पाटलाचा हक्क सांभाळला गेला, त्यामुळे गाव राज्याशी बांधले गेले. छाप्याचे युद्ध लढणाऱ्या फौजेला कोठारांपेक्षा अशा गावांचा आधार जास्त लागतो.

खडकी आणि नहर

१६१० मध्ये अंबरने खडकी या गावी नवे शहर वसवण्यास सुरुवात केली. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा आजही तेथे उभा आहे. शहराची खरी अडचण पाण्याची होती. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीखालचे पाणी आडव्या बोगद्यात गोळा करून ते हलक्या उताराने शहरापर्यंत आणण्याची योजना अंबरने केली. इराणी कनातीच्या तत्त्वावर चालणारी ही नहर-ए-अंबरी. बोगद्यावर ठरावीक अंतरावर उभी विवरे ठेवलेली असत. त्यांतून हवा खेळे आणि गाळ काढायला माणूस आत उतरू शके. पुढे पाणी चुनेगच्ची मार्गातून आणि खापरी नळांतून हौदांपर्यंत जाई. कोठेही मोट नाही की रहाट नाही, केवळ उतार. पाणी जमिनीखालून वाहत असल्याने बाष्पीभवनही कमी होई.

१६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी जाळली, उद्ध्वस्त केली. शहर तरीही पुन्हा उभे राहिले. फत्तेखानाने त्याला फत्तेनगर म्हटले, औरंगजेबाच्या सुभेदारीत ते औरंगाबाद झाले आणि आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. पुढच्या काळात त्याच तत्त्वावर तेथे आणखी नहरी बांधल्या गेल्या. पाणचक्कीला पाणी देणारी नहर त्यांपैकीच. औरंगजेब १६८२ मध्ये मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेसाठी याच शहरात येऊन राहिला. मोगलांशी लढण्यासाठी उभारलेली सोय अशा रीतीने मोगलांच्याच दक्षिणेतील मुख्य ठाण्याला उपयोगी पडली.

शत्रूची साक्ष

जहांगीरच्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख शिव्याशापांसह येतो. अबुल हसन या चित्रकाराने काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडताना दिसतो. प्रत्यक्षात ते मस्तक मोगलांच्या हाती कधीच आले नाही. परंतु अंबरच्या मृत्यूची नोंद करताना मोगल इतिहासकार मुतमदखानाचा सूर बदलतो. युद्ध, नेतृत्व, निर्णयशक्ती आणि कारभार या सर्वांत त्याला जोड नव्हती, असा त्याचा आशय आहे. ज्याला अंबरची स्तुती करून काहीच मिळणार नव्हते, त्याने दिलेली ही साक्ष म्हणूनच वजनदार ठरते.

मर्यादा

अंबरची व्यवस्था दोन ठिकाणी उणी पडली. पहिली उणीव माणसांच्या निष्ठेची. मराठा सरदार त्याच्या फौजेचा कणा होते, पण ते जहागिरींवर पोसलेले होते आणि त्यांना शेजारच्या प्रत्येक दरबारात मागणी होती. लखुजी जाधवांसारखा मोठा सरदार मोगलांकडे गेला. भातवडीनंतर लवकरच शहाजीराजेही काही काळ विजापूरला गेले. या सर्वांना एकत्र ठेवणारी गाठ म्हणजे अंबर स्वतः, आणि तो गेल्यावर तिची जागा घेणारी कोणतीही संस्था नव्हती. दुसरी उणीव तख्ताची. सुलतान नामधारी, पेशवा कर्ताकरविता, या जुळणीत पेशवा कर्तबगार असेल तोवरच राज्य चालते. फत्तेखानाने सुलतानाचा खून करवला, मोगल आणि विजापूर यांच्यात हेलकावे खाल्ले आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगल सेनापती महाबतखानाच्या हाती दिले. त्याच सुमारास, १६३० ते १६३२ या काळात, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि महसुलाचा पायाच खचला.

शिवाजी महाराजांच्या लष्करी रचनेशी तुलना केली, की या उणिवा अधिक स्पष्ट दिसतात. महाराजांनी जहागिरींऐवजी रोख वेतनावर भर दिला आणि प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस व कारखानीस असे एकमेकांवर नजर ठेवणारे अधिकारी नेमले. म्हणून १६८० नंतर, राजा मारला गेला आणि राजधानी पडली तरी, लढा थांबला नाही. अंबरच्या पद्धतीतील हालचाल येथे कायम आहे. तिच्या जोडीला मात्र व्यक्तीवर न विसंबणारी यंत्रणा आली.

पेमगिरी ते पुणे

दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातील एका मुलाला संगमनेरजवळच्या पेमगिरीवर तख्तावर बसवले आणि त्याच्या नावाने कारभार सुरू केला. १६०० नंतर अंबरने परांड्यात जे केले, त्याचीच ही पुनरावृत्ती होती. किल्ले आणि मुलूख जमवून त्यांनी हे राज्य सुमारे तीन वर्षे चालवले. शहाजहान स्वतः दक्षिणेत उतरला, विजापूर मोगलांच्या बाजूला गेले आणि १६३६ मध्ये माहुलीच्या वेढ्यात हा प्रयत्न संपला. बालसुलतान मोगलांच्या स्वाधीन झाला आणि शहाजीराजे आदिलशाही चाकरीत कर्नाटकात गेले. पुण्याची जहागीर त्यांच्याकडे राहिली. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाच्या स्वारीत पुणे उद्ध्वस्त झालेले होते, दुष्काळाने गावे ओस पडली होती. जहागिरीचे कारभारी दादोजी कोंडदेवांनी तेथे पुन्हा वसाहत करवून पडीक जमीन लागवडीखाली आणायला सुरुवात केली, तेव्हा वसुलीसाठी त्यांनी मलिक अंबरचीच पद्धत आधाराला घेतली.