पाणी कुठे शिरलंय?

मालवणहून देवबागकडे किनाऱ्याने चालत गेलं, की माडांच्या बुंध्याशी पालथ्या घातलेल्या फायबरच्या जुन्या होड्या दिसतात. रंग उडालेला, काठ फुटलेला, इंजिन बसायची फळी पोखरलेली. लाकडी होडी असती तर काही पावसाळ्यांत मातीला मिळाली असती, नाहीतर चुलीत गेली असती. फायबर कुजत नाही. एकदा घट्ट झालेलं रेझिन वितळवून पुन्हा ओतताही येत नाही, आणि ते जाळलं तर विषारी धूर होतो. म्हणून जुन्या फायबरच्या होडीपुढे दोनच वाटा असतात: पडून राहणं किंवा दुरुस्त होणं. दुसरी वाट वाटते तितकी अवघड नाही आणि नवख्या माणसालाही ती धरता येते, हे मला मनापासून सांगायचं आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. निवृत्तीनंतर कर्लीच्या खाडीत फिरायला स्वतःची होडी हवी म्हणून एक जुनी अठरा फुटी फायबरची होडी घेतली. ती मी स्वतः दुरुस्त केली. वाडीतले फायबरचे मिस्त्री शेजारी उभे राहून सांगत आणि मी करत असे. व्यवहार ठरण्याआधीच त्यांनी मला पहिला धडा दिला होता: “बाई, आदी वाजवन बघा. आवाज कधी खोटा बोलाचो नाय.”

वाजवून बघायचं म्हणजे काय, हे कळायला होडी कशाची बनते ते समजून घ्यावं लागतं. काचेचे केसाहून बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन, एवढंच ते प्रकरण. तंतू ताण सोसतात, रेझिन आकार टिकवतं. पॉलिएस्टर रेझिनची पहिली होडी १९४२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात रे ग्रीन यांनी बनवली असं मानलं जातं. १९५९ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या ‘ट्रायटन’ नावाच्या शिडाच्या फायबर बोटींपैकी कितीतरी आजही पाण्यावर आहेत. या नव्या वस्तूवर तेव्हा फारसा भरवसा नव्हता, म्हणून कारागीर थरावर थर चढवत आणि जाड भिंतीची बोट काढत. तो जाडपणा त्या बोटींच्या कामी आला.

साच्यात आधी जेलकोटचा थर येतो. हा अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, रंगीत, गुळगुळीत थर म्हणजे होडीची कातडी. त्यामागे मॅट असते, म्हणजे आखूड तंतूंची विस्कटलेली चादर, आणि तिच्यावर रोव्हिंग, म्हणजे जाड धाग्यांचं विणलेलं कापड. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर जाडी देतो. हे सगळे थर एकजीव असतील तर होडी ठोकल्यावर खणखणीत वाजते. थर सुटले असतील किंवा आतलं लाकूड कुजलं असेल तर आवाज बद्द येतो.

मिस्त्रींनी मला स्क्रू-ड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ वापरायला दिली. चार बोटांच्या अंतराने ठोकत जायचं आणि आवाज बदलला की खडूने खूण करायची. माझ्या होडीच्या दोन्ही बाजू स्वच्छ वाजल्या, पण मागच्या फळीच्या खालच्या निम्म्या भागात खुणाच खुणा झाल्या.

नवख्या माणसाने जुन्या होडीत रंग, ओरखडे आणि भेगा बघू नयेत. त्या डोळ्यांना दिसतात आणि सहज बुजवता येतात. बघायचं ते पाणी कुठे शिरलं आहे ते. फायबर स्वतः कुजत नसलं, तरी त्याच्या पोटात कारागिरांनी ताकदीसाठी प्लायवूड, लाकडी पट्ट्या आणि कधी फोम घातलेला असतो. कुणीतरी स्क्रूसाठी भोक पाडतं आणि ते नीट बंद करत नाही. त्या भोकातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला त्याला वाट नसते. फोम पाणी पितो, होडी वर्षागणिक जड होत जाते, आणि मालक म्हणतो इंजिन थकलं.

लाकूड काचेत बंद करणं ही कल्पना मात्र वाईट नाही. दिलीप दोंदे ज्या ‘म्हादई’ बोटीतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. तिच्या काचतंतूंच्या कवचाच्या आत सीडरचं लाकूडच आहे. पाणी आत जाऊ दिलं नाही, तर असं लाकूड सातासमुद्रांना पुरून उरतं.

पाणी दुसऱ्या वाटेनेही शिरतं. होडी महिनोन्महिने पाण्यातच उभी राहिली तर ते जेलकोटमधून कणाकणाने झिरपतं, आतल्या रसायनांत मिसळतं, आणि बुडाला फोड येतात. असा फोड फोडला की चिकट द्रव येतो आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास असतो. गोड्या पाण्यात हे जास्त होतं. रोज वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांना फोड क्वचित येतात. माझी होडी मात्र खाडीत नांगरलेली असायची, म्हणून तिच्या बुडाला काही फोड होते. ते घासून उघडे करायचे, गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धुवायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे. त्यासाठी आठवडे लागतात, कधी महिने. ओल्या जागेवर बुजवलेला फोड परत येतो.

खरं काम मागच्या फळीचं होतं. इंजिनचं सगळं वजन आणि जोर तिच्यावर येतो. आम्ही ग्राइंडरने आतल्या बाजूचं फायबर कापून काढलं आणि बाहेरचं तसंच ठेवलं. आतलं प्लायवूड काळं पडलं होतं आणि बोटांनी ओढलं तरी भुगा होऊन येत होतं. इंजिनच्या बोल्टांभोवती ते सगळ्यात जास्त कुजलं होतं, कारण भोकं पाडून बोल्ट तसेच ठोकले होते. सगळं खरवडून, वाळवून, आयएस ७१० प्रतीच्या मरीन प्लायवूडचे दोन थर मापाने कापले, दाट केलेल्या इपॉक्सी रेझिनने एकमेकांना आणि बाहेरच्या फायबरला चिकटवले, शिकंजे लावले आणि वरून काचेच्या कापडाने झाकले. बोल्टांसाठी आधी मोठी भोकं पाडली, ती इपॉक्सीने गच्च भरली, आणि घट्ट झाल्यावर त्यांच्या मधोमध बोल्टच्या मापाची भोकं पाडली. आता बोल्ट आणि लाकूड यांच्यामध्ये इपॉक्सीची भिंत आहे. सगळ्या दुरुस्तीतली एकच युक्ती कुणाला शिकवायची असेल, तर मी हीच शिकवेन.

इपॉक्सी का, तर जुन्या फायबरवर नवीन पॉलिएस्टर रसायनाने जोडलं जात नाही. ते फक्त खरबरीत पृष्ठभागाला धरून राहतं. इपॉक्सीची पकड जास्त असते, पण किंमतही कितीतरी जास्त, म्हणून ते जोखमीच्या जागीच वापरावं. इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, त्यामुळे क्रम आधी ठरवावा. इपॉक्सीसोबत विणलेलं कापड घ्यावं, कारण नेहमीच्या मॅटमधला डिंक पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्येच विरघळतो.

भोक किंवा फूट बुजवताना काठ सरळ ठेवायचा नाही, उतरता घासायचा. जाडीच्या बारापट उतार असा नियम आहे. पाच मिलिमीटरची भिंत असेल तर चहूबाजूंनी साठ मिलिमीटर. घासण्याआधी ॲसिटोनने पुसायचं, नाहीतर मेण आणि तेल घासून आणखी आत जातं.

पॉलिएस्टर घट्ट होतं ते हार्डनरमुळे. किलोभर रेझिनला दहा ते वीस ग्रॅम, आणि तेही वजन करून. हे मिश्रण स्वतःच तापतं. मगात ढीग करून ठेवलं तर धूर निघेपर्यंत तापेल, पसरट भांड्यात असेल तर हाताशी वेळ राहील. आपल्याकडच्या मे महिन्यात ते बघताबघता आळतं, आणि पावसाळ्यात हवेतली ओल थरांची पकड बिघडवते. म्हणून कोकणात हे काम दिवाळीनंतर, थंडीच्या दिवसांत, ताडपत्रीच्या सावलीत करावं. थर चढवताना चरे असलेल्या लोखंडी रोलरने हवा दाबून बाहेर काढायची. पांढरट दिसणारी मॅट रेझिन पिऊन काचेसारखी पारदर्शक होते, ते होईपर्यंत थांबायचं नाही.

जिवाची काळजी यात सगळ्यात आधी येते. हार्डनर आणि एक्सलरेटर म्हणून वापरतात ते कोबाल्ट कधीही थेट एकत्र करू नयेत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं आणि मगच हार्डनर घालायचं. हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला खाजवते आणि फुप्फुसात बसते. रेझिनच्या वाफेसाठी साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, डबी लावलेला रासायनिक मास्क हवा. आमच्या किनाऱ्यावर फायबरचं काम करणारी बरीच मुलं उघड्या तोंडाने काम करतात. मास्कचे पैसे कामाच्या खर्चात धरले जायला हवेत, आणि ते मागायचा हक्क गिऱ्हाइकालाही आहे.

होडी घेताना कागदपत्रं बघा. मासेमारीच्या होडीची सरकारी नोंद असावी लागते. प्रवासी न्यायचे असतील तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची परवानगी लागते.

पहिली होडी लहान घ्या, मोठीचा उत्साह निम्म्यात सरतो. काम सुरू करण्याआधी प्लायवूडच्या तुकड्यावर मॅटचे दोन थर चढवून बघा, वाळल्यावर पहारीने उचकटा आणि कुठे सुटतं ते पाहा. त्यातून जे कळतं ते होडीवर शिकावं लागत नाही. दुरुस्ती संपल्यावर त्या होडीत पाडलेलं प्रत्येक नवीन भोक त्याच दिवशी बंद करा. एवढं जो पाळेल त्याची होडी त्याच्या पुढच्या पिढीलाही वापरता येईल.