ठरलेला मजकूर आणि शाळेचे दप्तर

धुळे येथील राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना १९२७ साली झाली. अशा संस्थांच्या संग्रहांतील जुनी मोडी पत्रे पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. आरंभीचा मायना व अखेरची वाक्ये बहुधा ठरलेली असत. मधला मजकूर तेवढा नवा असे. शाळेच्या दप्तराचेही तसेच आहे. दाखला, पालकांस सूचना, पंचायत समितीकडे जाणारे पत्र, या सर्वांत निम्मा मजकूर नेहमी तोच असतो.

हा मजकूर संगणकावर प्रत्येक वेळी नव्याने टंकित करण्याचे कारण नाही. वर्ड या प्रणालीत तो एकदा शुद्ध लिहून निवडावा आणि आल्ट व एफ ३ या कळा एकत्र दाबाव्यात. समोर येणाऱ्या चौकटीत त्यास 'दाखला' असे एखादे सुटसुटीत नाव द्यावे. पुढे हवे तेथे ते नाव लिहून एफ ३ दाबली की संपूर्ण मजकूर उमटतो. लिब्रेऑफिस रायटर या विनामूल्य प्रणालीत मजकूर निवडून कंट्रोल व एफ ३ दाबावे, नाव व आखूड खूण देऊन तो साठवावा; नंतर ती खूण लिहून एफ ३ दाबावी. काही लॅपटॉपवर सोबत एफएन ही कळही दाबावी लागते. वर्ड बंद करताना बदल जतन करावयाचे काय, असे विचारले गेल्यास होकार द्यावा. एरवी साठवलेले नाहीसे होते.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. आधीच्या विद्यार्थ्याचा भरलेला दाखला कधीही साठवू नये. नाव, जन्मतारीख, जात व रजिस्टर क्रमांक यांच्या जागी ठळक रेघा ठेवाव्यात. रेघ रिकामी राहिली तर ती नजरेस येते. परंतु दुसऱ्या मुलाची जन्मतारीख तशीच राहिली तर ती खरीच भासते. मग ती चूक त्या मुलाच्या पुढील प्रवेशाच्या व नोकरीच्या कागदांत शिरते आणि ती दुरुस्त करण्यासाठी पालकांस कचेऱ्यांचे हेलपाटे घालावे लागतात.

दुसरी गोष्ट अशी की, साठवलेला मजकूर आपोआप सुधारत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तेव्हा शहादा, नवापूर, तळोदे येथील शाळांच्या पत्त्यातील जिल्हा बदलला. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. असा बदल झाला की साठवलेला मजकूर त्याच दिवशी दुरुस्त करून त्याच नावाने पुन्हा साठवावा. पूर्वी तयार झालेली पत्रे त्यामुळे बदलत नाहीत, हेही ध्यानात असावे.

हा संग्रह सामान्यतः त्या एकाच संगणकावर राहतो. म्हणून सर्व ठरलेले मजकूर एका स्वतंत्र कागदपत्रातही ठेवावेत व मुख्याध्यापकांची बदली झाल्यास कार्यभारासोबत ते सोपवावेत.

दाखल्यावर सही करण्यापूर्वी एकाने जनरल रजिस्टरमधील नोंद मोठ्याने वाचावी व दुसऱ्याने दाखला ताडून पाहावा. वाचलेल्या वेळातील एवढा वेळ या कामी अवश्य खर्च करावा.