शिवेवरचा वाघदेव

धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेला, साक्री तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात आणि तिथून पुढे डांग-नाशिककडे, वाघदेव देवळात बसत नाही. कोकणा, भिल्ल अशा आदिवासी समाजांचा हा देव गावच्या शिवेवर, झाडाखाली उन्हापावसात उभा असतो. कुठे तो दगडाचा असतो, कुठे जाड लाकडी फळीचा. वरच्या अंगाला सूर्य-चंद्र, मध्ये वाघ, जवळ नाग, क्वचित मोर किंवा माणसाची आकृती. कोरीवकाम उथळ आणि रेषा मोजक्या. अंगावर शेंदराचे थर. एवढ्या थोडक्या खुणांत रानाचा सगळा दरारा उभा करणारे हे शिल्प आपल्या कलेच्या इतिहासात फार उपेक्षित राहिले आहे.

आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वाघबारशीला, गुराखी घरोघर धान्य मागतात आणि देवापाशी नैवेद्य शिजवतात. गुरांना आणि माणसांना वाघाने धरू नये, हे त्यामागचे मागणे. देवाची जागाही त्यावरूनच ठरते: गाव संपते आणि रान सुरू होते तिथे. म्हणून रान तुटले की मूर्ती जागेवर राहूनही तिचा संदर्भ हरवतो. कुऱ्हाड, चराई आणि वाहून गेलेली माती यांनी या पट्ट्यातले बरेच डोंगर उघडे पाडले.

ते पुन्हा झाकता येतात, हे साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने दाखवले. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून कोकणा वस्तीच्या या छोट्या पाड्याने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, राखणदार नेमले, नियम मोडणाऱ्याला दंड लावला. दगडी बांध आणि चरांमुळे पाणी मुरले. तुटलेल्या झाडांच्या खोडांना फुटवे आले. सुमारे 1,100 एकर जंगल उभे राहिले. 2004 पासून तिथे रानभाज्यांची पाककृती स्पर्धा भरते. 2025 मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. धुळे तालुक्यातल्या लामकानी गावानेही चराईबंदीच्या बळावर गवताळ माळ परत आणला.

ज्याच्या धाकाने हा देव शिवेवर उभा राहिला, तो वाघ पूर्व खानदेशात, जळगावच्या मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याच्या परिसरात, अजून प्रत्यक्ष आहे. केळीच्या बागांतही त्याचा वावर असतो.

लाकडी वाघदेवाला ऊन, पाऊस आणि वाळवी खातात. काही मूर्ती संग्रहालयांत गेल्या आहेत. तिथे लाकूड टिकते, पण शीव आणि पूजा सुटते. मूर्ती जागेवरच राखायची, तर अधिकार गावाकडे हवा. 2006 च्या वनहक्क कायद्याने तो दिला आहे. सामूहिक वन राखण्याचा व वाढवण्याचा हक्क त्यात आहे. आपल्या परिसराच्या नैसर्गिक आणि सांस्कृतिक वारशाला बाधा आणणाऱ्या गोष्टींपासून तो परिसर जपण्याचा अधिकारही, कलम 5 नुसार, ग्रामसभेला आहे.