तांबं, निकल आणि मग क्रोम

जुन्या येझदीच्या रिमांना हल्ली सर्रास काळं पावडर कोटिंग करतात. मंचर-नारायणगाव रस्त्यावर अशी गाडी दिसली की मला राग येतो. मालकांचं उत्तर ठरलेलं असतं : नीट क्रोम करून देणारं कुणी उरलंच नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत प्लेटिंगची फारशी गरज पडत नव्हती. येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावाचे सुटे भाग मिळायचे. जुनं काढून नवं बसवलं की काम झालं.

प्लेटिंगचा खरा काळ नव्वदचा. 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला आणि येझदीवरून दूध नेणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या दूधवाल्यांची पंचाईत झाली. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून खड्ड्यांतून पळणाऱ्या गाडीच्या पुढच्या शॉकअपच्या नळ्या लवकर झिजायच्या. पश्चिम पट्ट्यातल्या पावसाने त्यांवर गंजाचे खड्डे पडायचे, ऑइल सील फाटायचं, तेल गळायचं. नवी नळी मिळत नव्हती. अशा वेळी हार्ड क्रोमने गाड्या वाचवल्या. नळी आधी ग्राइंडिंगने घासून खड्डे काढायचे, क्रोमिक आम्लाच्या टाकीत तासन् तास ठेवून मापापेक्षा जाड थर चढवायचा आणि पुन्हा घासून मूळ मापाला आणायची. चकाकीपेक्षा मायक्रोमीटरला जास्त मान होता. ते काम करणाऱ्या कारागिरांचं ऋण आमच्या तालुक्यांनी कधी मानलं नाही. भंगाराच्या भावाने येझदी विकणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

फसवणारेही होते. एकाने माझ्या सायलेन्सरला तांबं न देता थेट निकलचा पातळ हात मारला. दुकानात आरशासारखा दिसला, पहिल्याच पावसाळ्यात फोड आले. शोभेच्या कामात वरचा क्रोम जेमतेम अर्धा मायक्रॉन असतो. गंज अडवतो तो खालचा निकलचा जाड थर, आणि बारीक खड्डे भरतं ते तांबं. तिथे चोरी केली की सगळं गेलं. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

पुढची वर्षं हिरो होंडाची. त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

क्रोमच्या टाकीतलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोग देतं, त्याच्या वाफेने कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोकं पडतात. म्हणून नियम कडक झाले ते योग्यच. पण छोट्या कारागिरांना सांडपाणी शुद्ध करायला सामायिक सोय आणि आधार द्यायला हवा होता. टाक्या बंद झाल्या, त्यांच्याबरोबर माप जाणणारे हातही गेले. 2021 च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. गाडी मूळ स्वरूपात ठेवणाऱ्या कारागिराचा विचार मात्र कुणी केला नाही.

गोठ्यात जुनी येझदी किंवा राजदूत पडली असेल, तर तिची नळी आणि रिम भंगारात घालू नका. आणि प्लेटिंगला देताना भावाआधी विचारा : तांबं देणार का, आणि निकल किती मायक्रॉन?