डिस्क बदलण्याआधी हिशेब
शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यात यंत्रभागांची ड्रॉइंग आणि जीएसटीची बिले अनेकदा एकाच डेस्कटॉपवर असतात. तो रेंगाळू लागला की नव्या संगणकाचा विचार सुरू होतो. पुष्कळदा नुसती डिस्क बदलली तरी भागते.

हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला बहुधा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरून माहिती वाचली जाते. वेग सेकंदाला साधारण १५० एमबी. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. साटा जोडणीवरही ती ५०० एमबीपर्यंत जाते. एनव्हीएमई त्याहून वेगवान, पण मदरबोर्डवर तिच्यासाठी जागा आहे का, हे आधी तपासावे.

खरेदीपूर्वी प्रति जीबी दर काढावा. विंडोज आणि रोजच्या कामाला ५०० जीबीची एसएसडी, जुन्या फायलींना स्वस्त हार्ड डिस्क, ही विभागणी परवडते. बॅकअपची बाहेरची डिस्कही याच खर्चात धरावी. एसएसडी पूर्वसूचनेशिवाय बंद पडू शकते आणि जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपणे बंधनकारक आहे. नव्या डिस्कवर सर्व फायली उघडतात, याची खात्री होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नये.