धातूची परीक्षा थंडीत

‘प्लॅस्टिकमधून वीज वाहत असेल, तर त्याला धातूच का म्हणू नये?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. प्रश्न मोलाचा आहे. 1976 च्या नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांच्या गटाने पॉलिअ‍ॅसिटिलीनच्या चंदेरी फिल्मला ब्रोमीनची वाफ दिली आणि तिची वाहकता कोटीपट वाढली. 2000 साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि ‘प्लॅस्टिकचा धातू’ वर्तमानपत्रांतून गाजला. खोलीच्या तापमानाला हे नाव खपून जातं. फिल्म थंड केली की पितळ उघडं पडतं.

तांब्याची तार थंड केली की अणूंची थरथर कमी होते, इलेक्ट्रॉनांची वाट मोकळी होते आणि रोध उतरतो. बहुतेक वाहक पॉलिमरांत नेमकं उलट घडतं. रेणूंच्या साखळ्या वेड्यावाकड्या गुंतलेल्या असल्याने इलेक्ट्रॉन जागोजागी अडकतो. पुढच्या जागी उडी मारायला बळ लागतं ते उष्णतेचं, आणि थंडीत तेच आटतं. अशा वेळी तो काय करतो, हे नेव्हिल मॉट यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस सांगितलं. गुडघे दुखणारे आजोबा स्टेशनवर समोरचा जिना सोडून फलाटाच्या टोकाचा उतार गाठतात. लांब पडलं तरी चालेल, चढ नको. इलेक्ट्रॉनही शेजारची पण जास्त ऊर्जेची जागा टाळून दूरची, जवळपास समान ऊर्जेची जागा शोधतो. म्हणून रोधाचा लॉगरिदम तापमानाच्या चतुर्थमुळाच्या व्यस्तासमोर मांडला की सरळ रेषा मिळते. यातला चार म्हणजे अवकाशाच्या तीन मिती आणि चौथी ऊर्जा. इतक्या गबाळ्या पदार्थातून इतका नेटका नियम निघावा, याचं मला अजून अप्रूप वाटतं!

या गोष्टीत रेघू मेनन यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, ते घ्यायलाच हवं. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आलेल्या मेनन यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सांता बार्बरा इथे हीगर यांच्याबरोबर थंडीतल्या रोधाची मोजमापं चिकाटीने केली. फिल्मच्या पट्टीवर चार बारीक तारा चिकटवायच्या. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन तारांवर व्होल्टेज मोजायचं, म्हणजे सांध्यांचा रोध हिशेबात येत नाही. मग द्रवरूप हेलियमचे 4.2 केल्विन, आणि पंपाने हेलियमवरचा दाब उतरवत 1.4 केल्विन. पॉलिमर तेच, पण फिल्म कशी बनवली यावर ती धातूच्या बाजूची की विद्युतरोधकाच्या, हे ठरत होतं. पॉलिपायरोलची काठावरची फिल्म तर नुसत्या दाबाने धातूकडे झुकली.

2001 मध्ये बेल लॅब्जच्या यान हेन्ड्रिक शोन यांनी पॉलिथायोफीनच्या फिल्ममध्ये 2.35 केल्विनला अतिवाहकता, म्हणजे रोध पार नाहीसा होणं, सापडल्याचं ‘नेचर’मध्ये जाहीर केलं. केवढा गवगवा झाला! पण पुढच्याच वर्षी चौकशी समितीने त्यांच्या अनेक शोधनिबंधांत बनवाबनवी झाल्याचा निर्वाळा दिला. त्यांच्याकडे नीट ठेवलेली प्रयोगवही नव्हती आणि मूळ नोंदीही पुसलेल्या होत्या. हा निबंधही मागे घेतला गेला.

थंडीच्या परीक्षेत खरी उतरलेली फिल्म 2006 मध्ये आली. कोरियन शास्त्रज्ञांनी हीगर यांच्यासह बनवलेल्या पॉलिअनिलीनची रोधकता 5 केल्विनपर्यंत कमीच होत गेली. वाहकता तांब्याहून शेकडो पटींनी कमी, पण चाल अस्सल धातूची. पॉलिअनिलीन तसं जुनंच. त्यांनी बनवण्याची पद्धत बदलून साखळ्यांमधले दोष घटवले होते.